थंडी मोजायला आलेली पाहुणी

शार्शेनच्या मूर्खपणाची ही गोष्ट खरं तर त्याच्याच तोंडून ऐकायला हवी. पण सांगताना तो स्वतःला इतकं झोडपतो, आणि दर खेपेला चार फटके असे वाढवतो, की ऐकणाऱ्याला शेवटी त्याची दया येते आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून ती शेजारपाजारच्या कुणीतरी सांगितलेली बरी.

कोक-दोबो वस्तीत, कालव्याकडच्या गल्लीत, पहिलंच घर त्याचं. बिश्केकमध्ये त्याने एकतीस वर्षं एका शाळेचा बॉयलर सांभाळला. फावड्याने कोळसा ओढला, राख उपसली, आणि निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापिकेने सगळ्यांसमोर सांगितलं, की या माणसाच्या कारकिर्दीत एकाही पोराला वर्गात कोट घालून बसावं लागलं नाही. झालं. त्या एका वाक्यावर शार्शेन पुढची सगळी वर्षं जगत होता. लग्नात, बारशात, मयतीच्या जेवणातसुद्धा ते वाक्य कुठून तरी निघायचंच. बात्मा, त्याची बायको, तेवढ्यापुरती उठून चहा आणायला जायची.

बात्माच्या छातीत शीळ होती. नऊ वर्षांपूर्वी ते वस्तीत राहायला आले तेव्हापासून. नोव्हेंबर लागला की सगळी वस्ती कोळसा पेटवते, ज्यांना कोळसा परवडत नाही ते शिलाईच्या कारखान्यातल्या चिंध्या जाळतात, आणि तो धूर वर जायचं नाव घेत नाही, गल्लीतच बसून राहतो. बात्माचा श्वास आत जाताना आणि बाहेर येताना वाजायचा. बहुतेक जानेवारीत दहा-बारा दिवस हॉस्पिटल. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी शार्शेनला बाहेर बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "आबा, आणखी एक हिवाळा या धुरात निघेल असं मला वाटत नाही. घर बदला, नाहीतर चूल तरी बदला."

घर बदलणं शक्यच नव्हतं. आणि चूल? ती विटांची चूल शार्शेनने स्वतःच्या हाताने बांधलेली.

त्या शरदात वस्तीच्या कचेरीबाहेर कागद लागला. कमी मिळकतीच्या घरांना भिंतींना जाड अस्तर आणि विजेवर चालणारा हीट पंप, म्हणजे बाहेर पंख्याची एक पेटी आणि आत गरम हवा, आणि वरून हिवाळ्यात वीज सवलतीत. पैसे भरायचे नाहीत. अट एकच, कोळशाची चूल मोडायची. कागदापुढे उभं राहून लोकांनी भरपूर अक्कल पाजळली. कुणी म्हणालं फुकटचं यंत्र फुकटातच बंद पडणार. कुणी म्हणालं ही लोकं घरात शिरायला मिळावं म्हणून बहाणा करतात. शार्शेन म्हणाला, "बाहेर उणे पंधरा असताना त्या हवेतून ऊब काढणार म्हणे. मी एकतीस वर्षं ऊब काढलीय, मला शिकवू नका."

"मग डॉक्टरीणबाईंना तसं सांगून येऊ का?" बात्माने मागून विचारलं.

त्याने दुसऱ्याच दिवशी अर्ज केला.

निरोप आला की गुरुवारी सकाळी दहाला तपासणीला बाई येतील. गुलबार्चिन नाव. बुधवारी जेवताना बात्माने नवऱ्याला समोर बसवून समजावलं.

"नीट ऐका. ती पाहुणी नाही. ती थंडी मोजायला येतेय. तेव्हा घर आहे तसं ठेवायचं. उत्तरेच्या भिंतीवर बर्फ फुलतं ते दिसू दे. चूल पेटवायची नाही. चहा द्यायचा, भाकरीचा तुकडा पुढे करायचा, बास."

"बास."

"शपथ घ्या."

"अगं, मी काय लहान आहे?"

शपथ त्याने घेतली नाही, आणि बात्मानेही पुढे रेटलं नाही. चूक झाली तर इथेच झाली, असं ती अजूनही म्हणते.

गुरुवारी सकाळी सात वाजता शार्शेन फक्त कप आणायला बाहेर पडला. घरात दोनच कप धड होते. पाहुणी म्हणा की तपासणीस म्हणा, टवका उडालेल्या कपातून कुणाला चहा द्यायचा म्हणजे हद्द झाली. शेजारी झुरा राहते, विधवा, एकटी, जिभेने फटकळ आणि हाताने सढळ. तिने कप दिले. वर म्हणाली, "कप माझे आणि खाली तुझी ती फाटकी सतरंजी? माझी लाज काढतोस काय? लोकरीचा नमदा घेऊन जा."

एक नमदा आला तसा दुसराही आला, कारण एकच घातला तर उरलेली जमीन जास्तच उघडी दिसायला लागली. मग पलीकडच्या गल्लीतून चहाचं पाणी उकळायचा समोवर आला. मग तीन घरांतून गाद्या-गोधड्या आल्या, आणि शार्शेनने त्या उत्तरेच्या भिंतीला लावून पार छताजवळपर्यंत रचल्या. गोधड्यांची रास जितकी उंच तितकं घर खानदानी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. राशीवरती भिंतीचा जो तुकडा उरला तिथे त्याने झुराचा तिसरा, लाल-काळा नमदा ठोकला. बर्फ फुलणारी भिंत पार झाकली गेली. कोपऱ्यावरच्या एकाने नुकतीच मेंढी कापली होती, त्याने मागचा पाय पाठवून दिला. "पाहुणी आहे म्हणे," तो म्हणाला. बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला झुरा स्वतःच येऊन बसली.

बात्मा दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"म्हातारबुवा, घरात कुणाचं लग्न आहे का?"

"जरा माणसासारखं दिसायला नको?"

"आपल्याला गरिबासारखं दिसायचंय."

"गरिबासारखंच दिसतोय की. श्रीमंतासारखा घोडा कुठे कापलाय?"

बात्माने पदर खोचावा तसा डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि कणीक मळायला घेतली. कारण खरं सांगायचं तर जेवणाचं दस्तरखान पाहुण्यापुढे रिकामं अंथरणं तिच्याच्यानेही होणार नव्हतं. तिच्या अंगातही इथलंच रक्त होतं.

राहता राहिली चूल. मटण शिजायचं तर ती पेटवायलाच हवी होती. आणि पेटवायचीच तर शार्शेन ती वाईट कशी पेटवणार? त्याने निवडून सुके ओंडके घातले, कोळशाचे सारखे तुकडे एकेक हाताने मांडले, झडप हवी तेवढीच उघडली. दहा वाजेपर्यंत घरात अशी ऊब झाली की झुरा बाह्या वर करून बसली होती.

गुलबार्चिन तिशीतली, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. हातात थंडी-ऊब मोजायचं यंत्र आणि काखेत कागदांची फाइल. आत आल्या आल्या तिने कोट काढला. मग स्वेटर काढला.

"आबा, घर छान उबदार आहे हो."

शहाण्या माणसाने इथे जीभ चावली असती. शार्शेनची छाती फुगली.

"उबदार? पोरी, ही तर अजून अर्धीच पेटवलीय! एकतीस वर्षं शाळेचा बॉयलर सांभाळलाय मी. आमच्या मुख्याध्यापिका म्हणायच्या..."

मुख्याध्यापिका काय म्हणायच्या ते गुलबार्चिनने ऐकून घेतलं. झडप केव्हा किती उघडावी तेही ऐकून घेतलं. "आणि धूर?" तिने विचारलं. शार्शेन तिला हाताला धरून अंगणात घेऊन गेला आणि धुराड्याकडे बोट दाखवलं. वर निळं आभाळ होतं, धुराचा पत्ता नव्हता. "कोळसा जाळता आला तर धूर होतच नाही," तो म्हणाला. हे खरंही होतं. फक्त असा जाळ वर्षातून एकदा व्हायचा, रोज असा जाळायला पुरेल एवढा चांगला कोळसा त्याच्याकडे कधीच नसायचा, हे सांगायचं राहिलं.

आत येऊन तिने यंत्र भिंतींकडे धरलं. गोधड्यांमागे काय आहे ते यंत्राला कसं कळणार? आकडे लिहून झाल्यावर ती दस्तरखानाशी बसली, भाकरीचा तुकडा मोडला, आणि खाता खाता प्रश्न विचारू लागली.

"हिवाळ्यात घर थंड पडतं का, आबा?"

"या घरात आलेला माणूस आजवर गारठला नाही."

"घरात धुराचा त्रास?"

"बाहेर बघितलंस ना?"

"श्वासाचा आजार कुणाला?"

शार्शेनच्या हातात त्या वेळी मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा होता, तिच्या ताटात वाढायला काढलेला. पाहुणीच्या तोंडात घास आहे, आणि आजारपण, बेडके, हॉस्पिटल हे काढायचं? त्याने समोवरापाशी बसलेल्या बात्माकडे बघितलं. ती चहा ओतत होती. चेहरा लालबुंद झाला होता. चुलीची धग लागत असेल, असं त्याला वाटलं.

"देवाची कृपा आहे. सगळे धडधाकट," तो म्हणाला.

बात्माने कप भरला, पाहुणीच्या हातात दिला, हळूच उठली आणि बाहेर गेली. साय आणायला गेली असेल, असं त्याला वाटलं. त्या दिवशी त्याला जे जे वाटलं ते सगळं चुकीचं होतं.

तासाभराने गुलबार्चिन उठली. तिला बोरसोक आणि मटणाचं गाठोडं बांधून दिलं, ते घेणार नाही म्हणाली, घ्यावं लागलं, आणि ती शेजारी झुराकडे तपासणीला गेली, झुराचाही अर्ज होता. शार्शेन हात चोळत परसात आला. कोळशाच्या खोपटामागे बात्मा भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. रुमालाचं टोक तोंडात कोंबलेलं, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

तिने रुमाल काढला. "गेली का?"

"गेली."

"मग खोकते," ती म्हणाली, आणि खोकू लागली. थांबेचना. शार्शेन तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला, आणि मटणाच्या चरबीने तिच्या झग्यावर बोटं उमटली.

तीन आठवड्यांनी यादी लागली. त्यात शार्शेनचं नाव नव्हतं. झुराचं होतं.

आता यातली गंमत बघा. गुलबार्चिन त्याच्या घरून निघून सरळ झुराकडे गेली, तेव्हा झुराचे नमदे, कप आणि निम्म्या गोधड्या कुठे होत्या? शार्शेनकडे. चूलही सकाळपासून विझलेली, कारण बाई शार्शेनकडे बोरसोक तळत होत्या. मोकळी जमीन, उघड्या भिंती, थंड घर. झुराने तिला सकाळचा थर्मासमधला नुसता चहा दिला आणि म्हणाली, "पोरी, कोट काढू नकोस, इथे माझे गुडघे गोठतात." सगळं खरं होतं.

गल्ली आठवडाभर हसत होती. शार्शेनही त्यांच्यात हसायचा, कारण दुसरं काय करणार. पण घरी आल्यावर नमद्यांना शिव्या द्यायचा. "तुझ्या त्या लाल-काळ्या नमद्याने मला खाल्लं," असं तो झुराला तोंडावर म्हणाला.

"नमदा मुका असतो," झुरा म्हणाली. "बडबड कोण करत होतं?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झुराची चूल मोडली, भिंतींना अस्तर लागलं, बाहेर पंख्याची पेटी बसली. दुसऱ्या दिवशी ती बात्माला न्यायला आली. "थंडी सरेपर्यंत माझ्याकडे राहील," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. बात्माने उशी काखेत मारली.

"बायको शेजारणीकडे? लोक काय म्हणतील?" शार्शेन म्हणाला.

"म्हणतील शार्शेनची बायको वाचली," झुरा म्हणाली.

सात दिवस तो तिकडे फिरकला नाही. फुगला होता. चुलीत कोळसा घालायचा, एकट्याने बटाटे उकडायचा, भिंतीवर फुललेलं बर्फ सुरीने खरवडायचा. आठव्या दिवशी दुपारी झुराची चाळण परत करायचं निमित्त सापडलं. झुरा दुकानात गेली होती. दार लोटून तो आत शिरला तर घर उबदार, आणि जळाल्याचा वास कुठेच नाही. बात्मा गादीवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

तो टोपी काढून बसला आणि कान दिला. नऊ वर्षं तो कान देत आला होता. शीळ ऐकायची, म्हणजे सगळं ठीक आहे, अशी त्याला सवयच लागली होती. आज शीळ नव्हती. खोकला नव्हता. काहीच नव्हतं. तो गुडघ्यांवर सरकत तिच्यापाशी गेला, नाकासमोर हात धरला, काही कळेना, आणि मग त्याने तिचे खांदे धरून तिला गदगदा हलवलं.

"बात्मा! अगं बात्मा!"

तिने डोळे उघडले. "काय झालं? आग लागली का?"

"तू वाजत नव्हतीस."

"झोपले होते," ती म्हणाली. "किती वर्षांनी अशी झोपले होते, आणि तुम्ही उठवलंत."

शार्शेन तिथेच बसून रडला. पासष्ट वर्षांचा माणूस, हातात चाळण. त्याला लाज वाटली ती रडण्याची नाही. असा श्वास या बाईला स्वतःच्या घरातच मिळाला असता, आणि तो त्याने मटणाच्या एका तुकड्यावर घालवला, याची. हे त्याने तिला तसंच बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुकडा चांगला होता पण."

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत जायला निघाला. बात्माही कोट घालून तयार. "तू कशाला?" त्याने विचारलं. "तुम्ही एकटे गेलात तर सगळ्या कचेरीला जेवायला बोलावून याल," ती म्हणाली.

निघण्याआधी तो झुराकडे गेला. नमदे तिचे होते हे सांगितलं तर तिचा पंप काढून नेतील की काय, हा घोर होता. झुरा म्हणाली, "सांग जा. नमद्यांसकट मी तेवढीच गरीब आहे."

कचेरीत दहा-बारा माणसं रांगेत होती, निम्मी ओळखीची. गुलबार्चिनच्या टेबलापुढे शार्शेन टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक सांगत गेला. नमदे झुराचे. गोधड्या तीन घरांतल्या. समोवर पलीकडच्या गल्लीतला. मेंढीचा पाय कोपऱ्यावरच्या घरचा. "आमचं त्यात काही नव्हतं, मुली. मी तुला फसवलं."

गुलबार्चिनने हाताची घडी घातली. "आबा, त्या समोवरातून मी तुमच्या वस्तीत पाच घरी चहा प्यायलेय. त्याची तोटी डावीकडे गळते."

रांग हसली.

"माझी आईसुद्धा पाहुणे आले की शेजारून गालिचे आणते," ती पुढे म्हणाली. "गालिचे बघून मी गरिबी मोजते का? तो रकानाच नाही इथे." तिने फाइलमधून त्याचा कागद काढला आणि वाचून दाखवला. "घरातली ऊब, सव्वीस अंश. थंडीचा त्रास, नाही. धुराचा त्रास, नाही. श्वासाचा आजार, नाही. हे मी नाही लिहिलं, आबा. हे तुम्ही सांगितलंत."

म्हणजे नमद्यांनी त्याला खाल्लं नव्हतं. उसनं आणलेलं सगळं माफ होतं. नडलं ते फक्त त्याच्या स्वतःच्या घरचं, त्याच्या स्वतःच्या तोंडचं. इतके दिवस नमद्यांना घातलेल्या शिव्या शार्शेनने मनातल्या मनात परत घेतल्या आणि योग्य पत्त्यावर पाठवल्या.

"आता काही होईल का?"

"पुढची यादी वसंतात. नवा अर्ज भरू या. पण या वेळी..."

"खरं सांगतो."

तिने कोरा कागद घेतला. घरात माणसं किती, पेन्शन किती, हे झालं. मग तिने विचारलं, "श्वासाचा आजार कुणाला?"

शार्शेनने तोंड उघडलं.

"त्यांना कशाला विचारतेस?" बात्मा त्याला बाजूला सारत पुढे आली. "मला विचार. श्वास मी घेते." आणि तिने सांगितलं. नऊ हिवाळे, सात वेळा हॉस्पिटल, खोपटामागे बसून खोकते ते, तोंडात रुमाल कोंबते ते. शार्शेनला यातलं निम्मं माहीत होतं. बाकीचं त्याने रांगेबरोबरच ऐकलं. सात वेळा कशा झाल्या, त्याला पाचच आठवत होत्या.

गुलबार्चिन बराच वेळ लिहीत होती. मग खालच्या ओळीवर आली.

"घर गरम करायला इंधन कुठलं?"

"कोळसा," शार्शेन म्हणाला.

"कोळसा कमी," बात्मा म्हणाली. "यांची बढाई जास्त."

रांगेत असा हशा पिकला की आतल्या खोलीतला कारकून दारात येऊन उभा राहिला. शार्शेनचे कान तापले. मुख्याध्यापिकेचं वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं, ते त्याने गिळलं.

"तसंच लिही, मुली," तो म्हणाला. "इंधन, बढाई. धूर फार होतो."

बात्मा हसली, हसता हसता तिला खोकला लागला, आणि तिने रुमालाकडे हात नेला. शार्शेनने तो हात धरून ठेवला. ती सगळ्यांसमोर पोटभर खोकली. गुलबार्चिन पेन खाली ठेवून थांबली, रांगही थांबली, आणि शार्शेन एक अक्षर बोलला नाही.